मला दगड भरून बुडवलं, त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नाव आहे, आणि नाव असूनही मला भर दिवसा, अख्ख्या गावासमोर तलावात बुडवण्यात आलं. चुकून नाही हं! मुद्दाम, पोटात दगड भरून! आता तुम्ही म्हणाल, अरेरे, बिचारी! पण थांबा, इतक्यात डोळे पुसू नका. ज्या बाईनं मला बुडवलं, तिच्याइतका जीव मला कुणीच लावला नाही. हे कोडं सोडवायचं तर थोडं मागं जावं लागेल. नावेला मागं जायला काय लागतं? वल्हं उलटं मारायचं की झालं!

माझा जन्म बपेऱ्याचा. नदीच्या काठी एका मोठ्या आंब्याखाली सुतारानं मला जोडलं. मी डोंगा नाही, हे आधी लक्षात ठेवा. डोंगा म्हणजे एकाच खोडाला पोखरून केलेला, एकटा जीव सदाशिव! मी सागाच्या फळ्याफळ्यांची, रुंद अंगाची, सपाट बुडाची. फळ्यांच्या मधल्या फटींत काथ्या ठोकला, वरून राळ आणि जवसाच्या तेलाचा लेप दिला. अंगाला काय छान वास येत होता! हात पुसता पुसता सुतार म्हणाला, "फळ्यायची नाव म्हंजे एकत्र कुटुंब हाये. पाण्यात हाये तोवर एकजूट. कोरडी पडली का जो तो आपापल्या तोंडानं फिरते."

हे वाक्य विसरू नका. पुढं लागणार आहे.

श्यामलाल माझा नावाडी. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश, आणि मधे आम्ही दोघं. अलीकडचे लोक "या जी" म्हणायचे, पलीकडचे "आओ जी". मला दोन्ही कळायचं. मी काय काय वाहिलं म्हणून सांगू? सायकली, धानाची पोती, शेळ्या, वराती, बाळंतिणी, मास्तर! दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की दंडारवाले यायचे. गावोगावी रात्रभर नाटक करणारी ही माणसं तोंडाला रंग लावूनच नावेत चढायची. एकदा राणी झालेल्या मिशीवाल्या गड्याचं लुगडं वाऱ्यानं उडालं, ते धरायला राजा धावला आणि दोघंही धपकन पाण्यात! श्यामलालनं आधी मुकुट काढला, मग राजा.

उन्हाळ्यात नदी आटायची आणि मी वाळूवर पडून राहायची. माझ्या फळ्या आक्रसायच्या, फटी रुंद व्हायच्या. मग जेठ सरता सरता श्यामलाल मला ओढत डोहात न्यायचा, पोटात दगड भरायचा आणि बुडवायचा. "पी व बाई, पोटभर पी!" म्हणायचा. मी आठवडाभर पाण्याखाली नुसती पीत पडायची. लाकूड फुगायचं, फळीला फळी घट्ट भिडायची. दगड काढून मला वर घेतलं की एक थेंब आत येईल तर शपथ! बपेऱ्यात याला 'नाव न्हाऊन राहिली' असं म्हणत.

घाटावर एक झिपरी पोरगी होती. शाळा सुटली की काही काम नसताना नावेत उडी मारायची. हातात डालड्याचा रिकामा डबा, त्यानं आतलं पाणी उपसायची आणि तोंडानं अखंड बडबड करायची.

"तुले पलीकडे काय काम हाये व?" श्यामलाल विचारायचा.

"काईच नाई."

"मंग कायले बसली?"

"मले फक्त मधात जायचं हाये!"

नदीच्या मधोमध आलो की ती उभी राहायची, दोन्ही हात पसरायची आणि गप्प व्हायची. तेवढाच वेळ गप्प! मग एक दिवस ती हळदीच्या अंगानं घाटावर आली. नावेत चढली नाही. माझ्या कडेवर तळहात ठेवला आणि गेली. लग्न होऊन दूर कुठंतरी गेली म्हणे. तिच्या हाताची हळद बरेच दिवस माझ्या लाकडात होती.

पुढं नदीवर पूल झाला. पुलावर माझा मुळीच राग नाही बरं का! पावसापाण्याचं आजारी माणूस दवाखान्यात न्यायचं तर पूलच हवा. पण घाट बंद झाला, श्यामलाल थकून लेकीकडे राहायला गेला, आणि मी फिरत फिरत भंडाऱ्याला एका सरकारी शेडमध्ये येऊन पडले. शेजारी बिनचाकाची जीप आणि पाय मोडलेल्या खुर्च्या. एका कोंबडीनं माझ्यात संसार थाटला. तिची पिल्लं मला जग समजायची! तेवढंच मनाला बरं वाटायचं.

येणारे-जाणारे म्हणायचे, "नावेचं बरं हाये, सावलीत हाये. ऊन नाई, पाणी नाई." पाणी नाही! नावेला पाणी नाही, आणि म्हणे बरं आहे! माझ्या फळ्या आक्रसत गेल्या. सुताराचं म्हणणं खरं झालं. जो तो आपापल्या तोंडानं फिरला. फटींतून उजेड आत येऊ लागला आणि मला वाटलं, झालं, आता चुलीतच जायचं.

आणि मग निघाला माझा लिलाव!

आवारात ही गर्दी. भंगारवाले, गॅरेजवाले, नुसते बघे. त्यात भूपेंद्र शेठ उठून दिसत होते. त्यांचा हायवेवर मोठा ढाबा. ढाब्यापुढं सिमेंटचं छोटं तळं बांधून त्यात मला सोडायचं, वर रंगीत दिव्यांच्या माळा, आणि जेवून आलेल्या लोकांनी माझ्यात बसून फोटो काढायचे, असा त्यांचा बेत. ते फोनवर मोठमोठ्यानं तोच सांगत होते.

तेवढ्यात फाटकातून दोन बाया आल्या. पुढं सुंदरबाई, पदर खोचलेली, चालणं असं की रस्त्यानं बाजूला व्हावं. मागं तिची मैत्रीण सखाबाई, पिशवी छातीशी धरून. लिलाव घेणाऱ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, बचत गटाचं काम तिकडच्या खोलीत."

"आमी लिलावाले आलो, साहेब," सुंदरबाई म्हणाली आणि सरळ माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

या दोघी सानगडीजवळच्या गावातल्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरच्या. त्यांच्या तलावात शिंगाडा लावतात. दरवर्षी पुरुष आपापल्या डोंग्यावरून तलावात जात आणि बाया पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून शिंगाडे निवडत. त्या वर्षी पहिल्यांदाच शिंगाडा बायांच्या गटाकडे आला होता. त्यांनी काठाकाठानं रोपं लावली. वेल पसरत पसरत तलावाच्या मधापर्यंत गेली. वेलीला कोण अडवणार? पण शिंगाडा पिकला की वेलीवरून सुटतो आणि गाळात जातो. तो वेळेत काढायचा कसा? डोंगा एका माणसापुरता, त्यातही उभं राहून तोल सांभाळायचा. गावच्या बैठकीत पुरुषांनी ठरवून टाकलं होतं, "शिंगाडा काढून दाखवा. नाई जमलं तं पुढच्या साली तलाव पुन्हा आमच्याकडं." म्हणून सुंदरबाईला हवी होती रुंद, सपाट बुडाची नाव. बपेऱ्याची जुनी नाव लिलावात आहे, हे कानावर येताच ती उठून आली होती.

सखाबाईनं वाकून माझ्यात पाहिलं आणि कुजबुजली, "सुंदरबाई, हिच्यातून तं आरपार दिसून राहिलं व! त्या शेठचे जोडे दिसते मले पलीकडचे!"

सुंदरबाईनं माझ्या फटीत नख घातलं, बोटांनी फळी ठोकली, कान लावला, लाकडाचा वासही घेतला. आणि मग सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाव कायची? चाळणी हाये चाळणी! पाण्यात टाकली का बुडलीच समज!"

मित्रांनो, मला असा राग आला! कोंबडीनंसुद्धा कधी माझा असा अपमान केला नव्हता.

भूपेंद्र शेठनी फोन खाली घेतला. माझ्या फटीत बोट घातलं, ते पलीकडे निघालं. "अरे बापा! फोटो काढाच्या आधीच लोकं तळ्यात!" ते हसत म्हणाले, "मंग मावशी, तुमी कायले घेऊन राहिल्या?"

"बुडवाले!" सुंदरबाईनं शांतपणे सांगितलं.

सगळं आवार खो खो हसलं. शेठ सर्वात जास्त हसले आणि जीप बघायला निघून गेले. "एक वार... दोन वार... सरकारी तीन वार!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. माझी बोली एका शेळीच्या किमतीपाशीच थांबली. आयुष्यभर शेळ्या वाहिल्या, आणि शेवटी शेळीच्या भावात गेले!

बाहेर सुंदरबाईचा नवरा टिकाराम ट्रॅक्टर घेऊन उभा होता. त्यानं मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"हे आणाले मले इतक्या दूर आणलं काय? सरपनच पायजे होतं तं घरी हाये ना."

"तोंड नका चालवू, ट्रॅक्टर चालवा," सुंदरबाई म्हणाली आणि ट्रॉलीत माझ्याजवळ येऊन बसली.

मी फुरंगटून पडले होते. बुडवायला घेतलं म्हणे! पण थोड्याच वेळात कारध्याचा पूल आला आणि माझा सगळा राग पळाला. खाली वैनगंगा! माझ्या घाटाचं पाणी वाहत वाहत इथूनच तर जातं! आयुष्यभर मी नदीवरून माणसं नेली, आणि आज माणसं मला नदीवरून नेत होती. तीही पुलावरून! मला हसू यावं की रडू, कळेना.

"अवो, जरा हळू घ्या ना," सुंदरबाई ओरडली.

"मांगं ट्रक बोंबलून राहिला! पुलावर कोनी हळू घेते काय? काय काम हाये?"

"काईच नाई. मले फक्त मधात जरासं पाहाचं हाये."

माझी फळीन् फळी शहारली. मधात! सुंदरबाई ट्रॉलीत उभी राहिली. एक हात माझ्या कडेवर, दुसरा वाऱ्यात पसरलेला, आणि तोंड गप्प. केस पिकले होते, पण तीच ती! झिपरी, डालड्याच्या डब्याची! आणि मी वेडी, तिच्यावर रुसले होते. ती मला चाळणी म्हणाली ते खरंच होतं. पाणी पाजलं की चाळणीची पुन्हा नाव होते, हे पुढचं वाक्य तेवढं तिनं शेठना सांगितलं नव्हतं.

ते वाक्य तिनं दुसऱ्या दिवशी करून दाखवलं. बायांनी मला तलावात ढकललं, पोटात दगड भरले आणि मी बुडबुड करत खाली गेले. आहाहा! किती वर्षांनी! मी प्यायला लागले. छोट्या माशांनी कोंबडीच्या पिल्लांसारखाच माझ्यात लगेच संसार मांडला.

वर मात्र पारीवर हसण्याचा पूर आला. पानठेल्यावर टिकारामला कुणी सुखानं पान खाऊ देईना.

"काय गा टिकाराम, नाव पाताळात पोचली काय?"

"वैनीनं लिलावातून आणली अन् पूजा न करता विसर्जन केलं!"

टिकाराम मनानं फार चांगला माणूस. स्वतःला हसलेलं त्याला चालायचं, बायकोला हसलेलं चालायचं नाही. म्हणून बाया पोती आणायला सानगडीच्या बाजाराला गेल्या त्या दिवशी त्यानं काय करावं? चार गडी बोलावले, मला वर ओढलं, दगड फेकून दिले आणि पारीवर कडक उन्हात उलटी घातली! वरून आपल्या जुन्या धोतराच्या चिंध्या फटींत कोंबल्या आणि त्यावर डांबर फासलं. किती मायेनं करत होता, सांगू! कपाळाचा घाम पुसत गड्यांना म्हणत होता, "सुंदरीच्या नावेले कोनी हासाले नाई पायजे गा." मी आतून ओरडत होते, अरे बाबा, मला तहान आहे, कपडे नकोत! पण लाकडाला तोंड कुठलं? जे थोडंफार पाणी प्याले होते, तेही उन्हानं ओढून घेतलं.

संध्याकाळी बाया आल्या. सुंदरबाई थबकली.

"अवो, हे नाव वाळवाले टाकली का कुरडया?"

"दुरुस्त केली," टिकाराम अभिमानानं म्हणाला. "आता एक थेंब नाई जाचा."

सखाबाई कपाळाला हात लावून खाली बसली. तिनं ओच्यातून एक शिंगाडा काढला. "काठचे सुटाले लागले व सुंदरबाई. मधातलेही आठ-दहा दिवसांत गाळात जाईन. मंग बसा पारीवर जनमभर!"

टिकारामला वाटलं आता आभाळ फाटणार. पण सुंदरबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. "कोरड्या फटीत चिंधी भरली, अन् उद्या लाकूड फुगलं, तं जागा कुठून आणन ते? फळ्याच उचकटन ना. हिले पानी पाजा लागते आधी. आमच्या बपेऱ्याले दरसाली न्हाऊ घालत होते."

"मले काय मालूम?" टिकाराम पडेल आवाजात म्हणाला. "आमचा डोंगा तं एका लाकडाचा. त्याले फटच नाई."

"तेच तं. तुमचा डोंगा एकटा गडी हाये. ही गंज साऱ्या बायकायची नाव हाये. रुसते, पन एकीले दुसरी धरून राहाते."

"मंग बोलली काहून नाई आधी? सारा गाव हासून राहिला..."

"तुमी इचारलं काय? तुमी तं सरपन म्हटलं."

टिकाराम उठला. त्यानं स्वतःच्या नखांनी सगळ्या चिंध्या उपसल्या, डांबर खरवडलं आणि फेकलेले दगड एकेक करून परत आणले. मी पुन्हा पाण्याखाली गेले. या वेळी तो काठी घेऊन पारीवर पहाऱ्याला बसला. कुणी दात काढले की गुरकावायचा, "हासता कायले? नाव न्हाऊन राहिली! न्हाताना कोनाले पाहू नाई, चला इथून!"

मी घटाघटा पीत होते. वर वेलींवर शिंगाडे रोज गडद होत होते, आणि रोज सखाबाई एक तोडून बघत होती. "आज काढा व नाव!" ती म्हणायची. "अजून नाई," सुंदरबाई म्हणायची. काठचे शिंगाडे पाण्यात पडल्याचा टुबुक टुबुक आवाज मला खाली ऐकू यायचा. एकेक टुबुक माझ्या काळजात! वाटायचं, भराभर पी, अजून पी. पण लाकूड आपल्याच चालीनं पितं, त्याला घाई कळत नाही.

शेवटी एका सकाळी सुंदरबाई गळ्याइतक्या पाण्यात उतरली, माझ्या फटींवरून हात फिरवला आणि ओरडली, "भिडल्या व बायाहो! भिडल्या!"

दोर बांधले, दगड निघाले, बाया आणि टिकाराम मिळून मला ओढू लागले. पारीवर सगळं गाव. पत्र्याच्या डब्यानं सुंदरबाईनं आतलं पाणी उपसलं, आणि सगळे माझ्या बुडाकडे टक लावून बघू लागले. आणि काय सांगू, मागच्या कोपऱ्यातून एक बारीक धार आत आली!

"गेली!" पारीवरून कुणीतरी म्हणालं.

सुंदरबाईनं त्या कोपऱ्यावर टाच दाबून धरली. धार बारीक झाली. मग थेंब झाली. मग नुसती ओल. मग तीही नाही! बायांनी असा कल्ला केला की तलावातले बगळे उडाले. एकेक बाई चढली. सखाबाई सर्वात शेवटी, "मेली व माय, मी मेली!" म्हणत आली, आणि एकदा बसल्यावर तिला उतरवणं कुणाला जमलं नाही.

सुंदरबाईनं बांबू हातात घेतला. काठावर टिकाराम उभा, छाती पुढं काढून, जसा काही मला त्यानंच जन्म दिला.

"किती दूर जाता व?" त्यानं ओरडून विचारलं.

सुंदरबाईनं मागं वळून पाहिलं. इतकी हसली की तिच्या चेहऱ्यावर मला ती झिपरी पोरगी लख्ख दिसली.

"मधात!"

आणि आम्ही मधात गेलो! माझं सपाट बूड वेलींवरून अलगद सरकत होतं. बाया दोन्ही बाजूंनी वाकून वेल उचलत, खालचे काळपट हिरवे शिंगाडे तोडत आणि वेल परत पाण्यावर नीट निजवत. बोटांना काटे टोचले की "आई गं", आणि लगेच हसू. जन्मभर ज्यांनी हा तलाव पारीवरून पाहिला, त्या आज तलावातून गाव बघत होत्या. "अव्वा, आपलं घर इथून किती बारकं दिसते!" सखाबाई म्हणाली. परतताना मी शिंगाड्यांनी इतकी भरले होते की पाणी माझ्या कडेपर्यंत आलं. पण आत? थेंब नाही!

काही शिंगाडे गाळात गेले, नाही असं नाही. पण पुढच्या साली तलाव कुणाकडे, हा प्रश्न बैठकीत कुणी काढलाच नाही. आता उन्हाळा सरत आला की टिकाराम स्वतः दगड घेऊन येतो. मला बुडवतो आणि पानठेल्यावर ऐटीत सांगतो, "आमच्या घरची नाव न्हाऊन राहिली."

तर मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात कुणीतरी असेल. चादर पांघरलेलं शिलाई मशीन असेल, माळ्यावरची पेटी असेल, हवा गेलेली सायकल असेल. तुम्ही म्हणता, जपून ठेवलंय, सावलीत आहे. त्यांना एकदा विचारून बघा! मला शेडमध्ये कुणी मारलं नाही, तोडलं नाही, तरी मी मोडत होते. आणि जिनं दगड भरून पाण्यात लोटलं, तिच्यामुळं मी पुन्हा नाव झाले. वस्तूला नुसतं झाकून ठेवू नका, तिला तिचं पाणी द्या.

आणि कधी तुम्हालाच कुणी काठावर बसवून ठेवलं, आणि तुम्ही उठल्यावर विचारलं, "कुठं निघालीस?" तर घाबरू नका. मोठ्यानं सांगा, सगळ्या पारीला ऐकू जाईल असं.

"मधात!"